कंसात आकडा नाही

सोलापूरच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारा शिवपुत्र हत्तुरे सरळ बोलू शकतो, यावर त्याच्या बायकोचा विश्वास नव्हता. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, त्यामुळे तिच्या मताला वजन होतं. चहा हवा असला की हा गृहस्थ म्हणायचा, ‘हाच उलटा करून दे.’ ‘हा-च’ उलटं केलं की ‘च-हा’. पहिल्या वर्षी महेश्वरी गोंधळली, दुसऱ्या वर्षी हसली, आणि तिसऱ्या वर्षापासून ती काही न बोलता चहा ठेवते आणि साखर घालायची विसरते.

स्टँडवरही एकदा त्यानं हा प्रताप करून पाहिला होता. अक्कलकोटची गाडी लागली आणि गडी माइकवर म्हणाला, शहाणपणाच्या किल्ल्याकडे जाणारी गाडी फलाट चारवर लागली आहे. अक्कल म्हणजे शहाणपण, कोट म्हणजे किल्ला. त्याच्या मते यापेक्षा सोपं काय असणार? लेकीकडे निघालेली एक म्हातारी ‘आपल्याला काय किल्ल्यावर जायचं न्हाय’ म्हणत बाकावर बसून राहिली आणि गाडी निघून गेली. नंतर तिनं केबिनच्या खिडकीशी येऊन त्याला कानडीत जे काही सुनावलं, त्यात मात्र गूढ असं काहीच नव्हतं. साहेबांनी बोलावून समज दिली. तेव्हापासून माइकवर तो फक्त गाव, फलाट आणि वेळ एवढंच बोलतो, आणि उरलेली खुमखुमी पोस्टकार्डावर काढतो.

ही खोड त्याला वडिलांच्या दुकानात लागली. कुंभारवेशीत शरणप्पांचं किराणा दुकान होतं आणि पुड्या बांधायला जुनी वर्तमानपत्रं यायची. त्यातली शब्दकोडी शिवपुत्र सोडवायचा. पण पुडीच्या मापानं फाडलेल्या कागदावर निम्मी चौकट असायची, निम्मी सूत्रं असायची, आणि उत्तरं छापलेला दुसऱ्या दिवशीचा अंक कुणाच्या तरी घरी हरभऱ्याच्या डाळीबरोबर गेलेला असायचा. त्यामुळे आपलं उत्तर बरोबर की चूक हे त्याला आयुष्यात कधी कळलं नाही. बरोबरच असणार असं मानायची सवय त्याला तिथेच जडली, आणि ही सवय पुढे किती महागात पडणार होती हे शरणप्पांना तरी काय माहीत.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. करकंबचे रामहरी गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे, यांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी ‘आडवं-उभं मंडळ’ काढलं. सभासद त्रेचाळीस, सोलापूर जिल्ह्यात विखुरलेले, दोन-चार लातूरकडचे आणि एक विजापूरचा. दर महिन्याला गुरुजी हातानं एक पत्रक लिहून त्याच्या झेरॉक्स सगळ्यांना पोस्टानं पाठवायचे. पत्रकात एकच शब्द दिलेला असायचा. त्या शब्दासाठी प्रत्येकानं एकच कूटसूत्र रचायचं आणि पोस्टकार्डावर लिहून धाडायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं सूत्र गुरुजी वाचत नसत, कारण त्यांच्याकडे फोनच नव्हता.

कूटसूत्र म्हणजे काय, हे शिवपुत्र नव्या माणसाला समजावायचा तेव्हा स्वतःचंच एक सूत्र सांगायचा: ‘नव, अर्धा राजा; घरात मात्र प्रजा (३)’. नव घ्यायचं, राजाचा अर्धा भाग ‘रा’ घ्यायचा, झाला ‘नवरा’. घरात तो प्रजाच असतो, हा अर्थ. आणि कंसातला तीन म्हणजे उत्तराची अक्षरं तीन. हे सूत्र त्यानं महेश्वरीला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता उत्तर सांगितलं आणि वर विचारलं, यात कोडं कुटं हाय?

तो कंस फार महत्त्वाचा. पत्रकाच्या डोक्यावरच गुरुजींनी नियम लिहिलेला असायचा: ‘सूत्राच्या शेवटी कंसात अक्षरांचा आकडा हवा. कंस नसेल तर ते सूत्र नव्हे, साधं बोलणं समजावं.’ गुरुजी स्वतः हा नियम काटेकोर पाळत. त्यांनी एकदा सगळ्यांना शेतात हुरडा खायला बोलावलं, तेव्हा आमंत्रणही कूटसूत्रात होतं आणि शेवटी कंसात आकडा होता. सात जण मोहोळला पोहोचले, चौघे मोडनिंबला. मोडनिंबवाल्यांत शिवपुत्र होता. त्यानं तिथे मिसळ खाल्ली आणि परत आला. बरोबर ठिकाणी एकटी रंभाबाई पोहोचली आणि त्रेचाळीस जणांसाठी भाजलेल्या हुरड्यापुढे बसली.

या रंभाबाईची बार्शीत पिठाची गिरणी आहे. शिक्षण सातवी. दळणाचे डबे रांगेत लागलेले असताना ती पिठानं पांढऱ्या झालेल्या हातानं सूत्र लिहायची, त्यामुळे तिची पोस्टकार्डं आली की टेबलावर ज्वारीच्या पिठाचा हलका थर पडायचा, असं गुरुजी म्हणत. आणि बहुतेक महिन्यांत पहिला नंबर तिचाच. पहिल्या नंबराचं बक्षीस एवढंच की त्याचं नाव गुरुजी लाल शाईनं लिहायचे, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस झेरॉक्सवर, हातानं. दुसऱ्याचं नाव निळं.

शिवपुत्र अकरा वर्षं निळा होता. चुकूनही तिसरा येत नसे आणि मरून गेला तरी पहिला येत नसे. लाल शाईत आपलं नाव एकदा पाहावं, याशिवाय त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. प्रमोशनची यादी लागली तेव्हा त्यानं ती दुसऱ्या दिवशी वाचली; पत्रक मात्र पोस्टमनच्या हातातूनच ओढून घ्यायचा. केबिनमधला त्याचा जोडीदार नंदीश त्याची सूत्रं ऐकून ऐकून एवढा पिकला होता की कुणी नुसतं ‘टेंभुर्णी कधी?’ विचारलं तरी त्याला वाटायचं, यात काहीतरी लपलेलं आहे.

गेल्या पावसाळ्यापासून गुरुजींचं पत्रक बदललं. ओळी सरळ राहिनात. एक ओळ दुसरीवर चढायची, शब्द कडेनं घसरायचे, कधी दोन अक्षरं एकमेकांवर बसायची. मंडळात खळबळ उडाली. सगळे म्हणाले, गुरुजींनी नवा प्रकार काढला. या चढत्या ओळींत काहीतरी दडवलेलं आहे. सभासदांनी पट्ट्या लावून ओळी मोजल्या. शिवपुत्रानं चार पत्रकं जोडून खिडकीच्या काचेवर धरली. रंभाबाईनं त्यातून ‘पायरी’ असा शब्द काढला आणि विजापूरच्या सभासदानं त्याला हरकत घेतली. एकालाही वाटलं नाही की म्हाताऱ्याला दिसत नसेल.

जानेवारीच्या पत्रकात शब्द होता ‘चादर’. आणि तळाशी, घसरत जाणारी एक ओळ: ‘मंडळातल्या एकाला मला एक गोष्ट विचारायची आहे. कुणाला विचारावं, याचा विचार चालू आहे.’

शिवपुत्राच्या अंगावर काटा आला. एकाला म्हणजे निवडलेल्याला. विचारायची म्हणजे कोडं. खास एकट्यासाठी खास कोडं, आणि सुटलं तर लाल शाई. याशिवाय दुसरं काही असूच शकत नाही, हे त्यानं नंदीशला पटवून दिलं. नंदीशला काय, त्याला काहीही पटायचं.

मग एका गुरुवारी कार्ड आलं. फक्त त्याच्या नावानं.

‘शिवपुत्र यांस. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. उजवा गेलेलाच. मंगळवारी ऑपरेशन, सोलापुरात. बाराच्या आत हजर व्हायचं. सोबत माणूस असल्याशिवाय करत नाहीत, आणि मला कुणी नाही. चुकलं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, तोवर हाही जाईल असं डॉक्टर म्हणतात. सकाळी दहाला पोचणाऱ्या गाडीनं येतो. स्टँडवर भेटा. रामहरी.’

शिवपुत्रानं ते तीनदा वाचलं आणि म्हणाला, वा. काय रचलंय.

तो चार दिवस त्या कार्डाला चिकटून बसला. ‘पिकला’ म्हणजे फिरवाफिरव. ‘डावा’ म्हणजे डावीकडचं घ्या. ‘उजवा गेलेलाच’ म्हणजे उजवीकडचं काढून टाका, हे तर पोरखेळ. कुठल्या शब्दाचं? ‘मंगळवारी’चं! उजवीकडचं ‘वारी’ गेलं, उरलं ‘मंगळ’. आता बिंदू. बिंदू गोल असतो, गोल फिरून येणं म्हणजे वेढा. मंगळ, वेढा. शिवपुत्र ड्युटीवर असताना हे सुटलं आणि आनंदाच्या भरात त्यानं पंढरपूरची गाडी दोनदा पुकारली. गुरुजी मंगळवारी दहा वाजता मंगळवेढ्याच्या स्टँडवर भेटणार होते. ‘सोलापुरात’ हा शब्द तेवढा कशात बसत नव्हता. तो निव्वळ दिशाभूल करायला घातलाय, असं ठरवून त्यानं तो निकालात काढला.

रविवारी महेश्वरीनं ते कार्ड वाचलं. ती शेंगाचटणीची बरणी भरत होती. सोमवारी तिला बहिणीच्या नातवाच्या मंगळवारच्या बारशासाठी अक्कलकोटला जायचं होतं.

“अहो, गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय की मंगळवारी,” ती म्हणाली. “रजा टाका त्या दिवशी.”

रजा टाकलीच आहे, असं शिवपुत्र म्हणाला, आणि गालात हसला. मग त्याला राहवेना. त्यानं तिला डावा, उजवा, बिंदू, वेढा सगळं उलगडून सांगितलं. महेश्वरी बरणीचं झाकण लावायचं विसरून ऐकत राहिली.

“कंसातला आकडा कुटं हाय?” तिनं विचारलं.

“न्हाय. तीच तर गंमत हाय. आकडा बी आपणच शोधायचा.”

“नियम काय हाय तुमच्या मंडळाचा? कंस नसंल तर साधं बोलणं.”

शिवपुत्रानं तिच्याकडे दयेनं पाहिलं. गुरुजींच्या पातळीवरचा माणूस स्वतःच घातलेला नियम असा बेमालूम मोडतो, यातच तर खरी कला, असं त्यानं समजावलं. महेश्वरीनं साकु म्हणून हात झाडले. साकु म्हणजे पुरे, आणि ती कानडीत आली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. तिला वाटलं, रजा टाकलीय ना, मग नवरा थट्टा करतोय. मंगळवारी बरोबर स्टँडवर असेल. तिनं आणखी एक बरणी गुरुजींच्या नावानं भरून टेबलावर ठेवली आणि सोमवारी ती निर्धास्त अक्कलकोटला गेली. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं तिला एवढ्याच बाबतीत दगा दिला.

मंगळवारी शिवपुत्रानं इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात लाल रिफिलचं नवं पेन लावलं, गुरुजींना आयतं द्यायला, आणि सातच्या गाडीनं मंगळवेढ्याला निघाला. साडेआठला तिथल्या स्टँडवर उतरला. एक चहा घेतला. मोकळी जागा बघून येणारी प्रत्येक गाडी दिसेल असा बाक धरला. ज्वारीच्या पोत्यांवर बसलेली माणसं, गाडीसाठी भांडणारी माणसं, सगळ्यांकडे तो त्या दिवशी मोठ्या मायेनं पाहत होता. लाल नावाच्या माणसानं असंच पाहायला हवं, असं त्याला वाटत होतं.

पावणेदहाला महेश्वरीचा फोन आला. टेबलावरची चटणीची बरणी गुरुजींना द्यायला विसरू नका, एवढंच तिला सांगायचं होतं. मागे भोंग्यावरून पुकारलेलं तिला ऐकू आलं. हा आवाज नंदीशचा नव्हता.

“तुमी कुटं हायसा?” तिनं विचारलं.

शिवपुत्रानं सांगितलं. पलीकडे बारशातली गाणी चालू होती. महेश्वरी फोन घेऊन बाहेर आली. मग ती बोलली, तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

“त्या माणसाला दिसत न्हाय. म्हणून ओळी वाकड्या येतात त्याच्या. सहा महिने झालं तुमी सगळे त्या वाकड्या ओळी मोजतायसा. आता तो तितं एकटा उतरंल, तुमच्याच स्टँडवर, आणि तुमी तितं न्हाय.”

शिवपुत्रानं खिशातून कार्ड काढलं. त्यानं ते पहिल्यांदाच वाचलं, वाचतात तसं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. मला कुणी नाही. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की जवळ बसलेल्या माणसापासून त्यानं तोंड फिरवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे शरणप्पा त्याला दुकानात रोज सांगायचे. आज बैलासकट सगळंच रिकामं झालं होतं.

सोलापूरची गाडी लागलेलीच होती. ती पकडून त्यानं उभ्या उभ्याच नंदीशला फोन लावला. करकंबची गाडी आली का? आत्ताच लागली, नंदीश म्हणाला, माणसं उतरतायत. शिवपुत्र म्हणाला, कागद घे, सांगतो तसं लिही, आणि माइकवर वाच. एक अक्षर इकडचं तिकडं करू नको. मग त्याला शब्द सुचेनात. अकरा वर्षं ज्यानं एक वाक्य सरळ लिहिलं नव्हतं, त्याला आता एक सरळ वाक्य हवं होतं, आणि ते त्या एकाच माणसासाठी हवं होतं जो सरळ वाक्यावर सहज विश्वास ठेवणार नाही. गुरुजींना फलाटावर गाठायला नंदीश केबिन सोडून जाऊ शकत नव्हता, आणि त्यानं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. गाडी पुलावर आली तेव्हा शिवपुत्राला शेवट सुचला, आणि मग सुरुवात.

थोड्या वेळानं सोलापूरच्या स्टँडवर भोंगा खरखरला.

“करकंबहून आलेले रामहरी गुरुजी, जिथं हायसा तिथंच बसा. शिवपुत्र चुकून मंगळवेढ्याला गेलाय, साडेअकराला पोचतोय. दवाखान्यात तुमच्यासंगं तोच येणार हाय. कंसात आकडा नाही.”

नंदीशनं शेवटचं वाक्य गाळू का विचारलं होतं. बाकी सगळं गाळलं तरी चालेल, ते गाळू नको, असं उत्तर मिळालं. त्यानं हे दर दहा मिनिटांनी पुकारलं. एका प्रवाशानं येऊन कंसाची गाडी कुठल्या फलाटावर लागते अशी चौकशी केली. दुसऱ्यानं सांगितलं, ती बंद झाली.

साडेअकराऐवजी अकरा चाळीसला शिवपुत्र गाडी थांबायच्या आधीच दारात उभा होता. फलाट सहाच्या बाकावर धोतर, टोपी, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवून एक म्हातारा बसला होता. नजर समोर, पण समोरच्या कशावरच नाही. शिवपुत्र जवळ जाऊन नुसता उभा राहिला.

“आलासा व्हय,” गुरुजी म्हणाले.

माफ करा, एवढंच शिवपुत्र म्हणू शकला. त्यानं पिशवी घेतली, हात धरला, आणि दोघे रिक्षात बसले. चौकाचौकात सिग्नल लागत होते आणि शिवपुत्र घड्याळाकडे पाहत होता, गुरुजी मात्र गप्पांना बसले होते. गाडीतून उतरल्यावर पाऊण तास वाट पाहून ते परतीच्या गाडीची चौकशी करायला उठले होते, आणि चालता चालताच भोंग्यानं त्यांचं नाव घेतलं. याआधीही दोन-तीनदा काहीतरी पुकारलेलं त्यांच्या कानावर गेलं होतं, पण आपलं नाव कशाला असेल, म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

“पहिल्यांदा मी बी फोडायलाच घेतलं,” ते म्हणाले. “म्हटलं, मंगळवेढा म्हंजे मंगळाला घालायचा वेढा, आणि मधी काय कोंबायचं? मग शेवट ऐकला आणि गप बसलो. लई बरं वाटलं, शिवपुत्र.”

शिवपुत्रानं मग ओळींची गोष्ट सांगितली. वाकड्या ओळी, पट्ट्या, काचेवर धरलेली पत्रकं, सगळं. गुरुजींना हसू आवरेना. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. कुणी काय काढलं त्यातून, त्यांनी विचारलं. रंभाबाईनं ‘पायरी’ काढलं, शिवपुत्र म्हणाला. गुरुजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, वाईट नाही.

बाराला पाच कमी असताना ते दवाखान्याच्या काउंटरवर पोहोचले. फॉर्मवर सोबतच्या माणसाचं नाव, फोन आणि रुग्णाशी नातं लिहायचं होतं. नात्याच्या रकान्याशी शिवपुत्राचं पेन अडलं. लालच पेन खिशात होतं. गुरुजींनी कान देऊन विचारलं, काय लिहिताय? अजून काहीच नाही, तो म्हणाला. मग त्यानं ‘सोबती’ असं लिहिलं आणि सही केली. नर्सबाईंनी लाल शाई चालत नाही म्हणून सांगितलं आणि सगळा फॉर्म निळ्यानं पुन्हा लिहून घेतला.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती, त्यामुळे गुरुजी शिवपुत्राच्याच घरी राहिले. महेश्वरी संध्याकाळच्या गाडीनं आली, तिनं गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली: काखेत कळसा आणि गावाला वळसा. गुरुजींनी दाद दिली आणि म्हणाले, यात आकडा घालायचीसुद्धा गरज नाही.

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी पिशवीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. ‘चादर’ची सूत्रं. गेले दोन महिने शेजारचा कुणीतरी वाचून दाखवायचा, पण त्याला जोडाक्षरं जड जायची. वाचा, नावं सांगू नका, गुरुजी म्हणाले. डोळ्यावर पट्टी, पाठीला उशी, आणि मांडीवर महेश्वरीनं दिलेली पोह्यांची ताटली.

शिवपुत्र वाचत गेला. बाविसावं कार्ड त्याचं स्वतःचं होतं. ‘गावाकडच्या चहाचा भाव सोलापुरात पांघरतात (३)’. गावाकडं चहाला ‘चा’ म्हणतात, भाव म्हणजे ‘दर’. हे त्याचं आजवरचं सगळ्यात चांगलं सूत्र होतं आणि त्यानं ते अगदी कोरड्या आवाजात वाचलं.

“हे तुमचं,” गुरुजी म्हणाले.

कसं कळलं, त्यानं विचारलं.

“एवढं हळू दुसरं एक बी वाचलं न्हाय तुमी.”

महेश्वरी स्वयंपाकघरात मोठ्यानं हसली. शिवपुत्र खाली मान घालून पुढचं कार्ड काढायला गेला, तर बोटांना पीठ लागलं. वाचू नये असं त्याच्या मनात क्षणभर येऊन गेलं, हे लपवण्यात अर्थ नाही. गठ्ठ्यात चाळीस कार्डं, त्यातलं एक कमी झालं तर डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला कळणार नव्हतं. त्यानं पीठ झटकलं आणि वाचलं. ‘चौघांच्या मधोमध दळणाची सुरुवात; वर ओढा आणि झोपा (३)’. चौघे म्हणजे चार, चारच्या पोटात दळणाचा ‘द’, चादर. वाचता वाचता त्याला स्वतःलाच हसू फुटलं. गुरुजीही हसले. निकाल दोघांनाही कळला होता.

तीन आठवड्यांनी पत्रक आलं. महेश्वरी अंगणात चटणीसाठी शेंगदाणे निवडत होती. शिवपुत्रानं पोस्टमनच्या हातातून ओढून घेतलं आणि तिथेच उभ्यानं उघडलं. पहिला नंबर रंभाबाई, लाल शाईत. दुसरा शिवपुत्र हत्तुरे, निळ्यात. त्याच्या नावाखाली गुरुजींचा शेरा होता: ‘सूत्र उत्तम. पण यांनी या महिन्यात याहून चांगलं वाक्य लिहिलं, ते स्टँडवर. त्याला कंस नव्हता, म्हणून नियमानुसार ते विचारात घेता आलं नाही.’

तो एवढा वेळ बघत उभा राहिला की महेश्वरीनं सूप खाली ठेवलं.

“पहिला आलासा?” तिनं विचारलं.

“न्हाय. दुसरा.”

“मग डोळे कशाला पुसताय?”

शिवपुत्रानं पत्रक तिच्यापुढे धरलं. वरपासून खालपर्यंत गुरुजींचं अक्षर होतं, आणि सगळ्या ओळी सरळ होत्या.